होम्सची टोपी, टारझनची आरोळी

गणपतीच्या आधी महिनाभर कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात एक फेरी मारली, की कुठला सिनेमा जोरात चालला ते पेपर न उघडता कळतं. 'बाहुबली' आला तेव्हा खांद्यावर शिवलिंग पेललेले गणपती दिसायला लागले. त्याच सुमारास 'जय मल्हार' मालिकेतल्या खंडोबाच्या थाटातल्या मूर्तींनाही मागणी होती. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पुढं करतं आणि म्हणतं, "असाच पाहिजे, दंड जरा अजून भरा." मूर्तिकार दंड भरतो. ज्या पोरानं सिनेमा बघितलेलाच नाही, त्याच्यासाठी मग तोच बाहुबली.

शेरलॉक होम्स, टारझन, सुपरमॅन, वेताळ, आपला चिमणराव, फास्टर फेणे, सगळ्यांच्या बाबतीत थोड्याफार फरकानं हेच झालंय. लेखक एक नायक लिहितो. मग चित्रकार येतो, नट येतो, रेडिओवाला आणि सिनेमावाला येतो. प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून प्रत्येकजण काही भर घालतो, काही कापतो. आणि लोकांच्या लक्षात राहते ती बहुतेक वेळा ही भरच. ती नेमकी कुठून येते, का टिकते आणि तिच्यावर मालकी कुणाची, ते जरा उलगडून बघू.

होम्सपासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशोब सगळ्यात स्वच्छ मांडता येतो. होम्सचं चित्र काढ म्हटलं की कुणीही दोन गोष्टी काढणार: कानपट्ट्यांची टोपी आणि वाकडा पाइप. आर्थर कॉनन डॉयलची पहिली होम्स कादंबरी १८८७ ची. तिचे सगळे हक्क त्यानं प्रकाशकाला २५ पौंडांत विकून टाकले होते. त्या टोपीचं नाव त्यानं कुठंच लिहिलेलं नाही. एका कथेत डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे, दुसऱ्या एकीत प्रवासाची कानपट्टीवाली टोपी. बस्स, एवढंच. 'स्ट्रँड' मासिकासाठी चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटनं १८९१ मध्ये त्या वर्णनावरून डिअरस्टॉकर काढली, म्हणजे इंग्रज लोक शिकारीला घालायचे ती टोपी. तीही होम्स शहराबाहेर निघालाय अशा प्रसंगात. त्या काळच्या लंडनमध्ये, भर रस्त्यात ती घालून हिंडणं म्हणजे राजारामपुरीतल्या लग्नाला गमबूट घालून जाणं. पण पडद्यावर होम्स वर्षानुवर्षं तसाच हिंडत राहिला.

वाकडा पाइप रंगभूमीनं दिला. पॅजेटच्या चित्रांत पाइप सरळ आहे. अमेरिकन नट विल्यम जिलेट यानं १८९९ मध्ये होम्सचं नाटक रंगमंचावर आणलं आणि पुढची कित्येक वर्षं तो ते करत राहिला. नाटक लिहिताना त्यानं डॉयलला तार करून विचारलं होतं, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉयलनं कळवलं की लग्न लावा, खून करा, हवं ते करा. त्याला होम्सचा वीट आला होता. १८९३ मध्ये तो त्याला धबधब्यात ढकलून मोकळा झाला होता. वाचकांनी पिच्छा सोडला नाही म्हणून १९०३ मध्ये परत जिवंत करावं लागलं, ती गोष्ट वेगळी. जिलेटच्या हातातला वाकडा पाइप प्रेक्षकांना आवडला आणि तो कायमचा होम्सचा झाला. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्यही डॉयलच्या एकाही कथेत या स्वरूपात नाही. जिलेटच्या नाटकात त्याच्या जवळपासचं एक वाक्य होतं, आणि १९२९ च्या बोलपटानं ते पक्कं केलं.

जिलेटनं १९१६ मध्ये हेच नाटक मूकपटात केलं. तो मूकपट हरवला असंच सगळे धरून चालले होते, आणि २०१४ मध्ये पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात तो सापडला. हे वाचलं की कोल्हापूरकराच्या पोटात कालवाकालव होते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज कुठंच बघायला मिळत नाहीत. 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री लावली, हे आपण नुसतं सांगायचं. दाखवायला हातात काही नाही.

असो. होम्सबाबत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी होऊन लंडनला परततो. बीबीसीनं २०१० मध्ये होम्स आजच्या काळात आणला, तेव्हा वॉटसनच्या पूर्वायुष्यात एका अक्षराचा बदल करावा लागला नाही. ब्रिटिश सैन्य परत अफगाणिस्तानातच होतं! बदललं ते एवढंच की वॉटसन वहीऐवजी ब्लॉग लिहायला लागला. काही वेळा रूपांतर करणाऱ्याचं निम्मं काम इतिहासच करून ठेवतो.

आता टारझन.

उन्हाळ्यात पंचगंगेच्या घाटावर पोरं उंचावरून उडी टाकताना एक लांबलचक, चढउताराची आरोळी ठोकतात. त्यातल्या कितीजणांना टारझन माहीत असेल, देव जाणे. आरोळी मात्र चोख येते. ती आरोळी १९३२ च्या सिनेमातली आहे. मूळ कादंबरीत टारझन शिकार मारली की वानरासारखा भयंकर ओरडतो, इतकंच लिहिलंय. कसा, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. तिला सूर दिला बोलपटानं.

एडगर राइस बरोजची ही गोष्ट १९१२ मध्ये एका अमेरिकन मासिकात आली. त्यातला टारझन इंग्रज उमरावाचा मुलगा. आईबाप आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मरतात आणि वानरांची टोळी त्याला वाढवते. पण हा गडी भलताच हुशार. आईबापांच्या झोपडीत चित्रांची पुस्तकं पडलेली असतात. ती तो उघडतो, पानावरची अक्षरं म्हणजे बारीक किडे आहेत असं समजतो. मुलाच्या चित्राखाली तेच किडे, वानराच्या चित्राखाली दुसरे, असं जुळवत जुळवत एकट्यानं वाचायला आणि लिहायलाही शिकतो. बोलायला शिकवणारं मात्र कुणी नसतं. पुढं त्याला भेटतो तो फ्रेंच नौदलातला अधिकारी, त्यामुळं टारझन पहिल्यांदा बोलतो ते फ्रेंच! म्हणजे इंग्रजी लिहिता येतं, बोलता येत नाही. फ्रेंच बोलता येतं. त्याच कादंबरीत तो शेवटी अमेरिकेत मोटार चालवताना दिसतो.

पडद्यावर तो १९१८ मध्येच आला होता, मूकपटात. खरा धमाका झाला १९३२ मध्ये, एमजीएम कंपनीनं जॉनी वाइसमुलरला घेतलं तेव्हा. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात मिळून पाच सुवर्णपदकं घेतलेला माणूस. देह देखणा, पाण्यात मासा, अभिनयाच्या नावानं मात्र बोंब. बोलपट नुकताच सुरू झालेला. पटकथेत मग टारझनला तुटक बोलायला लावलं, दोन-तीन शब्द आणि खूण. नटाचीही सोय झाली, कंपनीचीही: कमी बोलणारा नायक कुठल्याही देशात खपतो. सोबतीला चीता हे चिंपांझी दिलं, जे बरोजच्या पुस्तकांत नाही. आणि 'मी टारझन, तू जेन' हे वाक्य? ते त्या सिनेमातही असं सलग नाही. छातीवर बोट ठेवून तो नुसती नावं म्हणतो. वाक्य प्रेक्षकांनी नंतर आपल्या डोक्यात जुळवलं.

बरोजला हे पटेना. १९३५ मध्ये त्यानं स्वतःच्या नावाच्या कंपनीतून नीट इंग्रजी बोलणारा, सुशिक्षित टारझन काढला, हर्मन ब्रिक्सला घेऊन. पुस्तकाशी तो जास्त प्रामाणिक होता. पण लोकांचं ठरलं होतं. वाइसमुलर १९४८ पर्यंत तब्बल १२ सिनेमांत टारझन राहिला, आणि 'टारझन' म्हटलं की अडखळत बोलणारा धिप्पाड गडी हे समीकरण जगभर झालं. मुंबईत वाडियांनी १९३७ मध्ये जॉन कावसला घेऊन 'तूफानी टारझन' काढला, तोही पडद्यावरच्या टारझनला समोर ठेवून.

मला स्वतःला त्या किड्यांच्या प्रसंगाची हळहळ वाटते. पुस्तकातली ती सर्वांत सुंदर पानं आहेत. पण ती सगळी टारझनच्या डोक्यात, आणि तीही कित्येक वर्षं घडत जातात. कॅमेऱ्याला दिसणार काय, तर एक पोरगा पुस्तकाकडं बघत बसलाय. वेलीला लोंबकळत जाणं पाच सेकंदांत कळतं आणि शिट्ट्याही मिळतात. कादंबरीतलं डोक्यातलं सगळं गळतं आणि अंगातलं तेवढं उरतं, हे रूपांतराचं सगळ्यात साधं गणित आहे. टारझनमध्ये ते उघडं दिसतं.

त्या कादंबऱ्यांत आफ्रिकी माणसांचं जे चित्रण आहे ते आज वाचवत नाही. गोरा माणूस जंगलाचा राजा आणि बाकीचे एकतर दुष्ट नाहीतर भोळे, हा त्या काळचा साहेबी चष्मा. नंतरच्या प्रत्येक टारझनवाल्याला या गोष्टीचं काय करायचं हे ठरवावं लागलं. काहींनी माणसंच गाळून टाकली आणि फक्त प्राणी ठेवले. सोपी पळवाट.

उलटी गंगा

आतापर्यंत पुस्तकाकडून पडद्याकडं वाहणारं पाणी बघितलं. पण गंगा उलटीही वाहते, आणि सुपरमॅन हे तिचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. १९३८ मध्ये कॉमिकच्या पहिल्या अंकात आलेला सुपरमॅन उडत नव्हता. उड्या मारायचा. उंच इमारतीवरून पलीकडं जाईल एवढी उडी, पण उडीच.

१९४० मध्ये रेडिओवर त्याची मालिका सुरू झाली. रेडिओवर उडी आणि उड्डाण यांत फरक करणार कसा? वाऱ्याचा घोंगाट ऐकवला की श्रोत्याच्या डोक्यात तो आकाशात गेलेला असतो. मग १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओ त्याची कार्टूनपटांची मालिका काढायला बसला, आणि तिथं अडचण आली. चित्रात हलणारा सुपरमॅन उड्या मारायला लागला की टोळासारखा दिसायचा. स्टुडिओनं त्याला सरळ उडवलं, आणि कॉमिकवाल्यांनीही मागोमाग तेच धरलं. म्हणजे सुपरमॅनची सगळ्यात प्रसिद्ध शक्ती त्याला मिळाली ती उडी बघायला वाईट दिसते म्हणून.

रेडिओनं आणखीही दिलं. नुसत्या आवाजाच्या माध्यमात नायक मनातल्या मनात विचार करू शकत नाही, त्याला बोलायला कुणीतरी लागतं. संपादक पेरी व्हाइट आणि पोरसवदा जिमी ओल्सन ही माणसं आधी रेडिओवर नावारूपाला आली, मग कॉमिकमध्ये शिरली. सुपरमॅनची ताकद हिरावून घेणाऱ्या क्रिप्टोनाइट या खड्याचंही तसंच: रेडिओवर १९४३, छापील कॉमिकमध्ये १९४९. आवाज देणाऱ्या नटाला सुट्टी हवी असली की सुपरमॅनला क्रिप्टोनाइट लावायचं आणि दुसऱ्या कुणालातरी माइकसमोर कण्हायला बसवायचं, असं सांगतात. मालिका रोज चालवायची म्हटलं की असल्या युक्त्या सुचतातच. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांत नायिका अचानक कोमात जाते ती काय उगीच?

बॅटमॅनकडं फार थांबत नाही. १९३९ चं कॉमिक. त्याची गुहा १९४३ च्या सिनेमा-मालिकेनं दिली, आणि त्याचा जाडगेला नोकर आल्फ्रेड कॉमिकमध्ये एकाएकी बारीक आणि मिशीवाला झाला, कारण त्या मालिकेतला नट तसा होता. जेम्स बाँडचा लेखक इयन फ्लेमिंग तर शॉन कॉनरीवर सुरुवातीला नाखूश होता. सिनेमे चालले, आणि १९६४ च्या कादंबरीत त्यानं बाँडचा बाप स्कॉटिश करून टाकला, कारण कॉनरी स्कॉटलंडचा.

मुखवट्याची परंपराही अशीच हातोहात फिरली. झोरो १९१९ मध्ये मासिकातून आला. काळा पोशाख आणि मुखवटा आज आपण ओळखतो त्या रूपात १९२० च्या मूकपटात डग्लस फेअरबँक्सनं रूढ केला, आणि मग मूळ लेखकानंही तोच उचलला. मुंबईचे वाडिया बंधू फेअरबँक्सचे भक्त. त्यांनी १९३५ मध्ये तो मुखवटा आणि चाबूक एका बाईच्या हातात दिला: 'हंटरवाली' सिनेमातली नटी नादिया. अमेरिकेतल्या मासिकातला स्पॅनिश घोडेस्वार पंधरा-सोळा वर्षांत हिंदी पडद्यावर गुंडांना लोळवणारी राजकन्या झाला होता. नाद खुळा.

वेताळ कुणाचा?

ज्यांचं बालपण १९६० ते १९९० या काळात गेलं, त्यांना इंद्रजाल कॉमिक्स वेगळं सांगायला नको. ली फॉक यानं १९३६ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम आपल्याकडं १९६४ मध्ये 'टाइम्स'च्या या मालिकेतून आला आणि मराठीत वेताळ झाला. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा या दोन गोष्टी सुपरमॅन-बॅटमॅनच्या आधी त्याच्या अंगावर होत्या.

पण त्या पोशाखाचा रंग कुठला? रोजच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत प्रश्नच नव्हता. फॉकच्या मनात राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिथं तो जांभळा छापला गेला. हिरव्यागार जंगलात जांभळे कपडे घालून लपणारा हा एकमेव नायक असावा. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. प्रत्येक देशातल्या वाचकाला आपलाच रंग खरा वाटतो, आणि दुसरा दिसला की कुणीतरी छपाईत घोळ घातलाय असं वाटतं.

त्याचा देशही फिरता. सुरुवातीच्या कथांत त्याचं जंगल आशियात, आपल्या बाजूला होतं. पुढं ते आफ्रिकेत सरकलं. मूळ नाव बंगाला. बंगालशी गल्लत नको म्हणून इंद्रजालनं त्याचं डेंकाली केलं. १९६० च्या दशकात वसाहती मोडल्या तशी फॉकनं त्या देशात लोकशाही आणली, लुआगा नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर राष्ट्राध्यक्ष केला. टारझनवाल्यांना जमलं नाही ते फॉकला बऱ्यापैकी जमलं, कारण तो स्वतः १९९९ पर्यंत जिवंत होता आणि लिहीत होता. जित्याजागत्या लेखकाचा हा फायदा.

चिमणरावाचे चेहरे

आपल्याकडं रूपांतराची सवय सिनेमाच्याही आधीची. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, त्यात डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला आणि गणपतराव जोशींनी तो गाजवला. तेव्हा परका नायक घरचा करून घेणं मराठी प्रेक्षकाला नवं नव्हतं. अवघड होतं ते घरच्याच नायकाला पुस्तकातून बाहेर काढणं.

चिं. वि. जोशींचा चिमणराव हा काही तलवार गाजवणारा वीर नव्हे. पण मराठी घरात ज्याला सगळे नावानं ओळखत, असा कल्पित माणूस त्याच्याएवढा दुसरा दाखवा. त्याला पडद्यावर पहिल्यांदा आणलं आपल्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी, 'लग्न पहावं करून' या १९४० च्या बोलपटात. दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचा डोळा तिरळा. ते पडद्यावर नुसते आले की थिएटर हसायला लागायचं.

इथं एक गोची होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. चिमणरावाच्या कथा तो स्वतः सांगतो. आपण किती समजूतदार वागलो असं तो गंभीरपणे लिहितो आणि वाचकाला ओळींच्या मधून त्याची फजिती दिसते. हसू येतं ते या फटीतून. कॅमेरा लावला की सांगणारा चिमणराव गायब होतो, उरतो तो फजिती झालेला चिमणराव, बाहेरून बघितलेला. मग ती फट भरायची कशानं? दामुअण्णांच्या वेळी ती त्यांच्या चेहऱ्यानं भरली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शननं मालिका केली, त्यात दिलीप प्रभावळकरांनी दुसरा मार्ग काढला: चोरटा आवाज, आखडलेले खांदे, आणि स्वतःच्या शहाणपणावर ठाम विश्वास. पुस्तकातल्या 'मी'च्या तो जास्त जवळ जातो, असं माझं मत. बाळ कर्वे तर त्यानंतर जन्मभर गुंड्याभाऊच राहिले. आज करवीर नगर वाचन मंदिरातून चिं. विं.चं पुस्तक घरी नेणारा साठीचा वाचक प्रभावळकरांच्याच आवाजात वाचतो, आणि त्याच्या वडिलांना त्याच ओळींत दामुअण्णा दिसत असत.

फास्टर फेणेचं प्रकरण वेगळं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर सुसाट, आणि अडचणीत सापडला की 'ट्टॉक्' करणारा. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवननं तो केला तेव्हा तो शाळकरीच होता. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागं लागलेला. 'ट्टॉक्' ठेवलं, चौकसपणा ठेवला, वय वाढवलं.

ओरड झाली, होणारच. पण जरा हिशोब मांडा. शाळकरी पोराचा सिनेमा म्हणजे बालचित्रपट, आणि मराठीत त्याला थिएटर मिळवताना निर्मात्याच्या तोंडाला फेस येतो. शिवाय १९६०-७० च्या पुण्यात पोरगा एकटा सायकल काढून चोर पकडायला जायचा, ते तेव्हाच्या आईबापांना चालत होतं. आजच्या काळात तेच दाखवायचं तर आधी घरच्यांना गुंगारा देण्यातच अर्धा सिनेमा जाईल. वय वाढवलं की हा प्रश्नच मिटतो. गमावलं काय, तर लहान पोरगा मोठ्यांना भारी पडतो ही मूळची मजा. तरुणानं गुंडाला हरवलं तर त्यात नवल ते काय? एक गोष्ट मात्र त्या चित्रपटानं छान केली: खुद्द भा. रा. भागवतांनाच पात्र म्हणून आत घेतलं, आणि भूमिका दिली चिमणराव केलेल्या प्रभावळकरांना.

मालक कोण?

हे सगळे बदल करायची मुभा कुणाला असते, तर ज्याच्याकडं हक्क असतात त्याला. आणि हक्क फार क्वचित लेखकाकडं राहतात. सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांनी, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी, पहिल्या गोष्टीचे १३० डॉलर घेतले आणि नायकावर पाणी सोडलं. कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, हे दोघं कोर्टकचेऱ्या करत म्हातारे झाले. मोठ्या बजेटचा सिनेमा येऊ घातला होता, पेपरांत बोभाटा झाला, तेव्हा कुठं १९७५ मध्ये कंपनीनं प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव द्यायचं कबूल केलं.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याचे किंवा वारसांचे. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती वाढवली गेली. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे फेणेच्या पुस्तकांचे हक्क २०६१ अखेरपर्यंत. तोवर त्यावर सिनेमा, नाटक, मालिका काढायची तर परवानगी हवी.

अमेरिकेत जुन्या छापील साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणून १९३८ चा पहिला सुपरमॅन २०३४ च्या १ जानेवारीला मोकळा होईल. पण मोकळा होईल तो पहिल्या अंकातला, उड्या मारणारा! उडणारा, क्रिप्टोनाइटला घाबरणारा सुपरमॅन नंतर आला, त्यामुळं तो भाग तेव्हाही बांधलेलाच असेल. नायक असा हप्त्याहप्त्यानं सुटतो.

यातून वाद किती विचित्र होऊ शकतो ते होम्सनं दाखवलं. २०२० मध्ये होम्सच्या धाकट्या बहिणीवरचा सिनेमा आला, तेव्हा डॉयलच्या वारसांच्या संस्थेनं अमेरिकेत दावा लावला. जुन्या कथा मोकळ्या झाल्या आहेत हे त्यांनाही मान्य होतं. म्हणणं असं, की जुना होम्स कोरडा आणि तुसडा आहे. तो माणसांशी मायेनं वागायला लागला ते १९२३ ते १९२७ च्या शेवटच्या कथांत, आणि त्यांचे हक्क आमचे. या सिनेमातला होम्स बहिणीशी मायेनं वागतो, तेव्हा पैसे टाका. दावा त्याच वर्षाअखेर निकाली निघाला, आणि २०२३ पासून तर शेवटच्या कथाही मोकळ्या झाल्या. आता होम्सनं कुणावर कितीही माया करावी.

कॉपीराइट संपला म्हणून सगळं संपत नाही. नाव आणि चिन्हाचा ट्रेडमार्क वेगळा असतो, आणि तो दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ ठेवता येतो. बरोजच्या १९२३ च्या कंपनीचं 'टारझन' नावावरचं बस्तान आजही त्यामुळंच टिकून आहे. जुनी कादंबरी तुम्ही छापू शकाल. टारझन नावाच्या चड्ड्या विकायला काढल्या तर नोटीस येईल.

शाळांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले की हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून सांगून ठेवतो: मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या कार्यक्रमात फास्टर फेणेचा नाट्यप्रवेश केला आणि बघायला विद्यार्थी, पालक, शाळेशी संबंधित लोक एवढेच असले, तर कायद्यात त्याला सूट आहे. तोच प्रवेश बाहेरच्या सभागृहात तिकीट लावून केला, तर आधी भागवतांच्या वारसांना पत्र लिहा.